शेजारीच सोसायटी नको म्हणतात तेव्हा

इमारतीत माणसं राहायला येऊन चार-पाच वर्षं झालेली असतात. वॉचमनचा पगार, पंपाची दुरुस्ती, जिन्यातल्या दिव्यांचं बिल हे सगळं दरमहा वर्गणी काढून भागत असतं. मग कुणीतरी विषय काढतं, ‘आता सोसायटी रजिस्टर करून घेऊ या.’ आणि ज्यांच्याबरोबर दरवर्षी गणपती बसवला, त्यांच्यातलेच काहीजण ठाम नकार देतात. बिल्डर अडवणार हे लोकांनी धरूनच ठेवलेलं असतं. शेजाऱ्याने अडवणं मात्र मनाला लागतं, बोलणं तुटतं, आणि पुष्कळ इमारतींत सोसायटीचा विषय तिथेच वर्षानुवर्षं पडून राहतो.

ज्यांनी हा विषय हाती घेतला आहे त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. जे विरोध करत आहेत त्यांनीही वाचावं, कारण त्यांचे हक्कही यात आहेत. माझं मत आधीच सांगतो. विरोध करणाऱ्या प्रत्येकाची एक ठरावीक धास्ती असते आणि तिला कागदावर उत्तर देता येतं. ते मनापासून द्यावं. उत्तर देऊनही कुणी हलला नाही, तर त्याच्या होकारासाठी इमारतीने थांबून राहू नये.

थांबल्याने काय बिघडतं

फ्लॅट तुमच्या नावावर आहे, करार नोंदवलेला आहे, इंडेक्स टू हातात आहे. पण इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर आहे. ती रहिवाशांकडे यायची तर घेणारी कायदेशीर संस्था लागते. वर्गणीच्या वहीला जमीन घेता येत नाही. १९६३ च्या सदनिका मालकी कायद्याने, म्हणजे आपण ज्याला मोफा म्हणतो त्याने, बिल्डरवर दोन जबाबदाऱ्या टाकल्या आहेत. कलम १० प्रमाणे त्याने सोसायटी स्थापन करून द्यायची आणि कलम ११ प्रमाणे तिच्या नावाने जमिनीचं कन्व्हेयन्स करून द्यायचं. पहिलं झालं नाही तर दुसरं होतच नाही. बिल्डर टाळाटाळ करत असेल तर २००८ पासून मानीव अभिहस्तांतरणाचा, डीम्ड कन्व्हेयन्सचा मार्ग आहे, पण तोही नोंदलेली संस्था असेल तरच उघडतो. तोवर उरलेल्या बांधकाम हक्कांवर (एफएसआय, टीडीआर), पुढच्या पुनर्विकासावर दावा सांगायला बिल्डर मोकळा राहतो.

पैशाचीही गोष्ट आहे आणि ती शेजाऱ्यांना लवकर पटते. ताबा देताना बिल्डरने प्रत्येकाकडून सोसायटी स्थापनेचा खर्च, शेअरचे पैसे, एक-दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स घेतलेला असतो. मोफाच्या कलम ५ प्रमाणे हे पैसे त्याने बँकेत वेगळ्या खात्यात ठेवायचे असतात आणि ज्या कामासाठी घेतले त्याच कामासाठी वापरायचे असतात. एकेकटा फ्लॅटधारक हिशेब मागायला गेला की त्याला ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणून परत पाठवतात. सोसायटी लेखी मागणी करते तेव्हा तिच्यामागे कायदा आणि निबंधक कार्यालय असतं. विरोध करणाऱ्या शेजाऱ्यालाही त्याने ताबा घेताना काय काय भरलं त्याची पावती काढायला सांगा. ते पैसे त्याचेही आहेत.

आधी स्वतःचा करार वाचा

सभा बोलवायच्या आधी एक काम करा. तुमच्या नोंदणीकृत करारात रहिवाशांची कोणती संस्था होणार असं लिहिलं आहे ते पाहा. सहकारी गृहनिर्माण संस्था असेल, तर पुढे सांगितलेला मार्ग तुमचा. पण पुण्यात आणि इतरही शहरांत बऱ्याच बिल्डरांनी १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली डिक्लरेशन नोंदवलेलं असतं आणि प्रत्येकाला डीड ऑफ अपार्टमेंट करून दिलेलं असतं. तिथे जमिनीतला अविभक्त हिस्सा थेट फ्लॅटधारकाकडे येतो, खर्च आणि मत त्या हिश्शाच्या टक्केवारीवर चालतं, आणि संस्था म्हणजे अपार्टमेंटधारकांचा संघ असतो. सोसायटीत मात्र एका सभासदाला एक मत, फ्लॅट वन रूम किचन असो की चार खोल्यांचा. अपार्टमेंट कायद्याखालच्या इमारतीत ‘सोसायटी नको’ म्हणणारा शेजारी कदाचित बरोबर बोलत असतो, कारण त्या इमारतीत दुसरी व्यवस्था आधीच नोंदली गेलेली असते. तिच्यातून सोसायटीकडे जायचं असेल तर तो वेगळा, लांबचा रस्ता आहे आणि वकिलाशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

काही ठिकाणी तडजोड म्हणून ‘रहिवासी संघ’ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवतात. उत्सव, सुरक्षा, महापालिकेशी पत्रव्यवहार एवढ्याला तो पुरतो. जमिनीचं कन्व्हेयन्स किंवा थकबाकीची वसुली त्याच्या आवाक्यात नाही. सोसायटीला पर्याय म्हणून तो कुणी पुढे केला, तर हा फरक सभेत स्पष्ट सांगा.

कोण विरोध करतं आणि का

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘आपलं बरं चाललंय की, कशाला सोसायटी?’ आठ-दहा फ्लॅटच्या इमारतीत हे खरंही असतं. या माणसाशी भांडू नका. त्याला विचारा, उद्या लिफ्ट पूर्ण बदलायची वेळ आली तर खर्च कुणाच्या नावाने करायचा, कर्ज कुणाला मिळणार, एकाने पैसे दिले नाहीत तर वसूल कोण करणार? फ्लॅट विकताना गिऱ्हाइकाची बँक सोसायटीचं ना हरकत पत्र मागते तेव्हा काय दाखवणार? आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी करायचं असतं आणि ३० वर्षांनंतर दर तीन वर्षांनी. ते कोण करून घेणार? पहिल्या पाच वर्षांत बरं चालतंच. अडचणी येतात त्या प्लास्टर सुटायला लागल्यावर, मूळ खरेदीदारांपैकी निम्मे फ्लॅट विकून गेल्यावर.

दुसरा माणूस खर्चाला घाबरलेला असतो. बहुधा निवृत्त, पेन्शनवर किंवा ठेवींच्या व्याजावर जगणारा. त्याची धास्ती खरी आहे आणि तिला आकड्यांनीच उत्तर द्यायला हवं. सभासद होताना प्रवेश फी १०० रुपये आणि ५० रुपयांचे किमान दहा शेअर, म्हणजे एकूण ६०० रुपये लागतात. त्यानंतरचा मासिक आकार मात्र वाढू शकतो, हे लपवू नका. वॉचमन, सफाई, लिफ्ट, सामायिक वीज यांचा सेवा आकार सर्व फ्लॅटना सारखा वाटला जातो. पाण्याचा खर्च नळांच्या संख्येवर. आदर्श उपविधींत सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधी किमान पाऊण टक्का धरलेला आहे. इथे लोकांचा गैरसमज होतो. हा टक्का फ्लॅटच्या खरेदीकिमतीवर नसतो, जमिनीची किंमत वगळून निव्वळ बांधकाम खर्चावर असतो. समजा एका फ्लॅटचा बांधकाम खर्च २० लाख धरला, तर सिंकिंग फंड वर्षाला ५,००० रुपये आणि दुरुस्ती निधी १५,००० रुपये होतो. दोन्ही मिळून महिन्याला साधारण १,६६७ रुपये. ही रक्कम पेन्शनवाल्याला जड वाटणारच. पण हा पैसा इमारतीच्याच खात्यात साठत जातो. तो साठवला नाही तर गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायच्या वेळी प्रत्येकाला एकदम पन्नास-साठ हजार काढा म्हणण्याची पाळी येते, आणि तेव्हा सगळ्यात जास्त हाल याच माणसाचे होतात. सभेच्या आधी एका पानावर अंदाजपत्रक तयार करा: आज किती वर्गणी देतो, सोसायटी झाल्यावर किती होईल, फरक कशामुळे. मोठ्या संकुलात दरमहा आकार माणशी ७,५०० रुपयांच्या वर आणि संस्थेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली तर १८ टक्के जीएसटी लागतो, तोही त्यात लिहा. विरोध सगळ्यात जास्त मऊ होतो तो या एका पानाने.

तिसरा विरोध जागेवरून असतो, आणि तो सगळ्यात कडवा. कुणी बिल्डरला दोन-तीन लाख देऊन स्टिल्टमधली पार्किंगची जागा ‘विकत’ घेतलेली असते. कुणी वरच्या मजल्यावर गच्चीचा तुकडा आपला म्हणून कुलूप लावून ठेवलेला असतो. तळमजल्यावरच्या दुकानदाराने समोरच्या मोकळ्या जागेत पत्रे टाकलेले असतात. सोसायटी झाली की हे सगळं काढावं लागेल, ही त्यांची भीती. ती निराधार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या खटल्यात स्टिल्ट किंवा उघड्यावरचं पार्किंग बिल्डरला मोफाखाली वेगळं विकता येत नाही, असा निकाल दिला. ती जागा सामायिक. पण ज्याने पैसे दिले तो शेजारी इथे फसवला गेलेला आहे, त्याला गुन्हेगारासारखं वागवू नका. ‘सोसायटी झाली की तुमची गाडी बाहेर’ असं बोलणारा एक उत्साही माणूस सगळा मामला बिघडवतो. पार्किंगचं वाटप सर्वसाधारण सभेने करायचं असतं आणि जागेपेक्षा गाड्या जास्त असतील तर चिठ्ठ्या टाकून. पहिल्या वाटपात प्रत्येक गाडीवाल्या सभासदाला एक जागा मिळण्यासारखी असेल, तर तसा नकाशा काढून आधीच दाखवा. पार्किंगवाल्यांपैकी बहुतेकांना एक जागा पक्की मिळाली की पुरे असतं. बिल्डरला दिलेले पैसे परत मागण्यातही सोसायटी त्यांच्या पाठीशी उभी राहू शकते. पत्रे आणि कुलपं हा विषय मात्र नोंदणीच्या आधी काढूच नये. तो संस्थेच्या पहिल्या वर्षातला, सावकाशीने हाताळायचा प्रश्न आहे.

चौथा, ज्याच्याबद्दल कुणी उघड बोलत नाही, तो म्हणजे आजवर वर्गणी गोळा करणारा. अनेक वर्षं त्याने फुकट धावपळ केलेली असते. रात्री पंप बंद पडला की तोच मेस्त्री शोधत फिरलेला असतो. आता लेखापरीक्षण, पावतीपुस्तक, समिती या गोष्टी आल्या की आपल्यावर अविश्वास दाखवला असं त्याला वाटतं. कधी त्याच्या हिशेबात खरोखर घोळ असतो. बहुतेक वेळा मात्र फक्त पावत्या नीट ठेवलेल्या नसतात. पहिल्या सभेत त्याचे जाहीर आभार माना, मागचा हिशेब आहे तसा एका पानावर लिहून घेऊन मान्य करा आणि नवीन संस्थेत त्याला स्थान द्या. मागची प्रत्येक पावती उकरून काढायची हौस असलेल्यांना आवरा. त्यातून इमारतीला काही मिळत नाही.

गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेतलेले मालक सहसा सभेला येतच नाहीत. ते पुण्यात, दुबईत किंवा अमेरिकेत असतात आणि फोनवर एवढंच विचारतात, ‘भाडेकरूला त्रास नाही ना देणार?’ त्यांना सांगा की भाडेकरू ठेवण्यासाठी समितीची मर्जी सांभाळावी लागत नाही, कराराची आणि पोलिसांकडच्या नोंदीची प्रत देऊन कळवावं लागतं. भाड्याने दिलेल्या फ्लॅटवरचं बिनभोगवटा शुल्क सेवा आकाराच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे शासनाने २००१ मध्येच ठरवून दिलं आहे. फ्लॅट विकताना हस्तांतरण प्रीमियमही महापालिका क्षेत्रात २५,००० रुपयांच्या वर जात नाही. हे तीन मुद्दे ईमेलने पाठवले की या गटातल्या बऱ्याच जणांच्या सह्या येतात.

आणि एक जण असतो जो आधीच्या सोसायटीत पोळलेला असतो. ‘सोसायटी म्हणजे भांडणं. चेअरमन हुकूमशहा होतो.’ याला खोटं पाडता येणार नाही, अशा सोसायट्या आहेत. त्याला एवढंच सांगावं की नोंदणी नसलेल्या इमारतीत जो माणूस मोठ्याने बोलतो त्याचंच चालतं आणि त्याच्याविरुद्ध दाद कुठेही नसते. सोसायटीत दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा घ्यावीच लागते, हिशेब तपासून घ्यावा लागतो, सभासदाला कागदपत्रं पाहायचा हक्क असतो आणि पाच वर्षांनी समिती बदलता येते. मुंबईत गावदेवीला १९१५ साली रावबहादूर श्रीपाद सुब्राव तल्मकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सोसायटी उभी राहिली. ती माणसं एका समाजातली होती, तरी त्यांनी नियम लिहून काढले आणि संस्था रीतसर नोंदवली. एकमेकांवर विश्वास असणाऱ्यांनाही लिखित नियम लागतात. या पोळलेल्या माणसाला समितीत घ्या, त्याला चुका कुठे होतात ते ठाऊक असतं.

सभा आणि संख्या

या सगळ्यांशी बोलणं व्हॉट्सॲप ग्रुपवर करू नका. तिथे लिहिलेलं वाक्य बोलल्यापेक्षा कठोर वाटतं आणि चाळीस जण बघत असल्यामुळे कुणी माघार घेत नाही. घरी जा, दोघांनी मिळून जा, चहा घ्या, ऐका. त्यानंतरच लेखी नोटीस काढून सभा बोलवा. सभा पार्किंगमध्ये किंवा गच्चीवर घ्या, कुणाच्या दिवाणखान्यात नको, कारण पाहुणा म्हणून बसलेला माणूस मोकळेपणाने नाही म्हणू शकत नाही. नोटिशीची पोच प्रत्येकाकडून सही घेऊन ठेवा. बाहेरगावच्या मालकांना रजिस्टर्ड पोस्टाने आणि ईमेलने पाठवा. कोण उपस्थित होतं, विरोध कुणी कोणत्या शब्दांत नोंदवला, हे इतिवृत्तात जसंच्या तसं लिहा. विरोधाची नोंद टाळण्याचा मोह होतो, पण पुढे सुनावणीत हीच नोंद तुमच्या प्रामाणिकपणाचा पुरावा ठरते.

आता संख्या. सगळ्यांच्या सह्या लागतात, ही समजूत चुकीची आहे आणि विरोधक तिच्यावरच विसंबून असतात. २०१९ मध्ये सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घातलं गेलं. त्यानुसार नोंदणीसाठी किमान पाच जण किंवा सदनिका घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के, यातली जी संख्या जास्त ती पुरते. २४ फ्लॅटच्या इमारतीत १३ जण. सहकारी संस्था स्थापन करण्याचा हक्क ९७ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेच्या कलम १९ मध्येच आलेला आहे. रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्याचं कलम १९ तर आणखी पुढे जातं. खरेदीदाराने संस्थेच्या स्थापनेत सहभाग घ्यायचा आहे, असं त्यात कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. ही कलमं शेजाऱ्याच्या तोंडावर फेकायची नाहीत. ती अर्जात लिहायची.

तरीही माझा आग्रह आहे की ५१ टक्के मिळाले म्हणून लगेच धावू नका. १३ जणांनी नोंदवलेल्या सोसायटीला पहिल्याच महिन्यात ११ जणांकडून मेंटेनन्स मागायचा असतो. १७-१८ सह्यांपर्यंत पोचायला दोन महिने जास्त लागले तरी ते सत्कारणी लागतात. त्याच्या पुढे मात्र एका-दोघांसाठी वर्षं घालवू नका.

बिल्डर नाही, शेजारी नाही, तरी नोंदणी

बिल्डरने पुरेशा खरेदीदारांनी सदनिका घेतल्यापासून चार महिन्यांत सोसायटीचा अर्ज करायचा असतो, आणि रेराखालच्या प्रकल्पात ५१ टक्के बुकिंग झाल्यापासून तीन महिन्यांत. त्याला आधी लेखी पत्र द्या आणि पोच ठेवा. उत्तर आलं नाही तर फ्लॅटधारक स्वतः अर्ज करू शकतात. सभेत मुख्य प्रवर्तक निवडायचा, उपनिबंधक किंवा सहायक निबंधक कार्यालयाकडून नाव राखून घ्यायचं, बँकेत खातं उघडून शेअरचे पैसे भरायचे आणि ठरलेल्या नमुन्यांत अर्ज द्यायचा. सोबत सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी, असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, सभासदांची यादी, करारांच्या प्रती आणि उपविधी. प्रकल्प महारेरात नोंदलेला असेल तर बरीच कागदपत्रं तिथे पाहायला मिळतात आणि बिल्डरविरुद्ध तक्रारही तिथे करता येते.

विरोध करणारे शेजारी आपल्या कराराची प्रत देत नाहीत, इथे लोक अडतात. अडायचं कारण नाही. नोंदणी झालेल्या दस्ताचा इंडेक्स टू नोंदणी विभागाकडून कुणालाही मिळू शकतो. मंजूर नकाशाची प्रत माहितीच्या अधिकारात महापालिकेकडून मागता येते. इमारतीत एकूण किती फ्लॅट विकले गेले हे सिद्ध करण्यासाठी एवढं पुरतं.

बिल्डरच्या असहकारामुळे अर्ज केला असेल तर त्याला म्हणणं मांडायची संधी दिली जाते. तो बहुधा सांगतो की प्रकल्प अपुरा आहे, अजून विंग बांधायच्या आहेत, आणि शेजाऱ्यांपैकी पाच-सहा जणांच्या विरोधाची पत्रं जोडतो. घाबरू नका. अधिकाऱ्यासमोर प्रश्न दोनच असतात: अर्जदार खरे खरेदीदार आहेत का आणि संख्या पुरेशी आहे का. सुनावणीला मुख्य प्रवर्तकाबरोबर आणखी पाच-सात फ्लॅटधारकांनी जावं. शेजाऱ्यांच्या विरोधपत्रांना उत्तर देताना त्यांच्या घरगुती गोष्टी, थकबाकी, जुनी भांडणं काढू नका. त्यांना सभासद व्हायची दारं उघडी आहेत एवढंच नमूद करा. पूर्ण अर्जावर निबंधकाने दोन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. नकार आला तर कलम १५२ खाली दोन महिन्यांत अपील करता येतं. अपिलाचा हक्क नोंदणीने बाधित झालेल्या विरोधकांनाही असतो, त्यामुळे अर्जात एकही खोटी सही किंवा न विचारता घातलेलं नाव असता कामा नये. खोटी माहिती देऊन मिळवलेली नोंदणी नंतर रद्द होऊ शकते. नवऱ्याच्या सहीऐवजी बायकोने केलेली सही असल्या किरकोळ गोष्टींवर प्रकरणं अडकतात. करारात जे नाव, तेच अर्जात.

ज्यांनी सही केली नाही त्यांचं काय

सही न करणं हा त्यांचा हक्क आहे. त्यामुळे त्यांचं पाणी तोडणं, लिफ्ट वापरू न देणं, पार्किंग अडवणं, वॉचमनला त्यांच्याशी बोलू नको सांगणं, यातलं काहीही करता येणार नाही. मोफाच्या कलम १२-अ ने पुरेशा कारणाशिवाय अत्यावश्यक सेवा बंद करण्याला बंदी केली आहे आणि ती समितीवरही लागू आहे. दुसऱ्या बाजूने, आपल्या वाट्याचे कर, पाणी, वीज आणि सामायिक खर्च देण्याची जबाबदारी त्यांच्यावर आहेच, सभासद असोत वा नसोत. तीही मोफाच्या कलम १२ मध्येच आहे. ‘मी सभासद नाही, म्हणून देणार नाही’ हे चालत नाही. आणि त्यांनी नंतर कधीही सभासदत्वाचा अर्ज केला तर कारण नसताना तो नाकारता येत नाही. उशिरा आला म्हणून जास्तीचे पैसे मागणं तर अगदी चूक.

प्लॉट आणि बंगल्यांच्या कॉलन्यांत चित्र थोडं वेगळं असतं. तिथे प्रत्येकाच्या नावावर स्वतःचा प्लॉट असतो, म्हणून ‘माझं सगळं माझ्या नावावर आहे’ असा विरोध होतो. त्यांना ले-आउटचा नकाशा आणि अंतर्गत रस्ते, खुली जागा यांचा सातबारा दाखवा. त्यावर अजून मूळ जमीनमालकाचं नाव असेल, तर पुढे त्या खुल्या जागेवर काय होईल हे समजावून सांगायची फारशी गरज पडत नाही.

नोंदणीचा दाखला मिळाला की तीन महिन्यांच्या आत पहिली सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. तिची नोटीस विरोध केलेल्या प्रत्येक शेजाऱ्याच्या हातात स्वतः नेऊन द्या आणि सोबत सभासदत्वाचा कोरा अर्जही. त्याच सभेत कन्व्हेयन्सचा ठराव करा. करारात वेगळी मुदत नसेल तर संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने कन्व्हेयन्स करून द्यायचं असतं. त्याने ते दिलं नाही तर पाचव्या महिन्यात जिल्हा उपनिबंधकांकडे डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज दाखल करा. त्यावर सहा महिन्यांत निर्णय व्हावा अशी कायद्याची तरतूद आहे, आणि जमीन सोसायटीच्या नावावर आली की तिचा लाभ सही करणाऱ्यांइतकाच सही न करणाऱ्यांच्या घरालाही मिळतो.